मोत्याच्या डोळ्यातली चकाकी

रात्री अंगणातल्या म्हाताऱ्या मोत्यावर बॅटरी पडली की त्याचे डोळे हिरवे-पिवळे चकाकतात. कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. दृष्टिपटलाच्या हातून निसटलेला उजेड तो परत पाठवतो आणि तोच उजेड टिपायची दुसरी संधी डोळ्याला मिळते. कुत्र्याच्या त्या थरात जस्ताच्या सूक्ष्म कांड्या असतात. मांजराच्या थरात तर चक्क रायबोफ्लेविन सापडतं, म्हणजे दुधातलं ब-२ जीवनसत्त्व! आपल्या डोळ्यात हा थरच नाही.

दिवसा मात्र त्याच मोत्याच्या बाहुलीत निळसर धुकं दिसतं आणि घरात हळहळ सुरू होते, ‘मोतीबिंदू झाला.’ पुष्कळदा तो मोतीबिंदू नसतो. डोळ्यातलं भिंग मोठं अजब आहे. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या काठाशी जन्मभर नवे तंतू तयार होतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे जुन्यांवर चढत जातात. जुने बाहेर टाकायची सोयच नाही. आईच्या पोटात असताना विणलेले तंतू आजही मोत्याच्या भिंगाच्या अगदी मधोमध आहेत. सात-आठ वर्षांनंतर हा गाभा दाटतो, उजेड किंचित विखरतो आणि निळी झाक येते. नजर बहुतेक शाबूत राहते.

मग ओळखायचं कसं? अंधाऱ्या खोलीत, हातभर अंतरावरून, बॅटरी स्वतःच्या डोळ्याशेजारी धरून पाहावं. धुक्यातूनही चकाकी सलग परत आली तर ते बहुधा वयच. चकाकीच्या वाटेत काळा डाग आडवा आला तर मोतीबिंदूची शंका घ्यावी आणि पशुवैद्याकडे जावं.

मधुमेही कुत्र्यात हा डाग भयंकर वेगाने पसरतो. रक्तातली जादा साखर भिंगात शिरते, तिथलं एक विकर तिचं सॉर्बिटॉल करतं आणि सॉर्बिटॉलला बाहेर पडता येत नाही. ते पाणी ओढून घेतं, तंतू फुगतात, फुटतात. निदान झाल्यापासून वर्षभरात बहुतेक मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू होतो. कधी काही दिवसांतच नजर जाते. मधुमेह मांजरांनाही होतो, पण उतारवयातल्या मांजराच्या भिंगात हेच विकर मंद असतं, म्हणून भिंग सहसा स्वच्छ राहतं. एका विकराच्या कमी-जास्त जोरावर केवढा फरक!

कुत्र्याचं पिकलेलं भिंग शस्त्रक्रियेने काढून कृत्रिम भिंग बसवता येतं. माणसाला साधारण 20 डायॉप्टरचं लागतं, कुत्र्याला सुमारे 41 चं. दुर्लक्ष केलं तर पिकलेल्या भिंगातली प्रथिनं पाझरून डोळा आतून सुजतो, पुढे काचबिंदूही होऊ शकतो.

मांजराचं दुखणं वेगळ्या वाटेने येतं. म्हातारी मनी एका सकाळी अचानक टेबलाच्या पायावर आदळते. बाहुल्या ताटासारख्या मोठ्या, उजेडातही न मिटणाऱ्या. भिंग नितळ असतं, पण मूत्रपिंड थकल्याने किंवा थायरॉइड वाढल्याने रक्तदाब चढलेला असतो आणि दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटलेलं असतं. अशा वेळी ‘उद्या बघू’ म्हणू नये. दाब उतरवणारी अॅम्लोडिपिनची गोळी वेळेत, पशुवैद्याच्या सांगण्यावरून सुरू झाली, तर सुटलेलं पटल पुन्हा जागेवर टेकू शकतं आणि कधीकधी मनी पुन्हा उंदरामागे धावते.