सकाळची घोळ आंबट का?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला झरी लागतं. भोवती काळी जमीन, सोयाबीन, कापूस. श्रावणात पावसानं ओढ दिली की पिकं माना टाकतात, पण धुऱ्यावरची घोळ मात्र लालसर देठ पसरून टवटवीत. अशा दिवसांत तिचं एक पान उजाडता उजाडता चावून बघा, दुसरं दुपार कलल्यावर. सकाळचं चांगलंच आंबट लागतं, दुपारचं मवाळ. रोप तेच!

घोळ एरवी ज्वारी-मक्यासारखी भर उन्हात अन्न बनवते. पाण्याचा तुटवडा झाला की ती निवडुंगाची युक्तीही वापरू लागते. दिवसा पानांची रंध्रं मिटून घ्यायची, रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढायचा आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा. सफरचंदात असतं तेच हे आम्ल. दिवसभरात ते खर्ची पडतं, म्हणून चव उतरते. या दोन्ही रीती एकाच पेशीत नांदतात, हे 2022 साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. खुरपणीत आपण जिला उपटून फेकतो ती ही बाई!

शाळेच्या पोरांना रानभाज्या दाखवायला नेतो तेव्हा सुरुवात घोळीपासूनच करतो. पण सांगितल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ही पहिली अट. कारण घोळीशेजारीच नायटी पसरलेली असते, तीही जमिनीला चिकटून, तीही लालसर. देठ मोडला की फरक कळतो. घोळीचा मोडला तर स्वच्छ पाणी, नायटीचा मोडला तर पांढरा चीक. एकदा असंच मी पोरांना ठसवून सांगितलं, चीक निघाला की टाकून द्यायचं.

खुरपणीला आलेली एक आजी ऐकत होती. तिनं पायाजवळची पाथरी खुडली, देठाचं पांढरं दूध पोरांना दाखवलं आणि पान तोंडात टाकलं. "आमी भाकरीसंगं कच्चीच खातो की, लेकरांनो."

त्या दिवसापासून मी सरसकट नियम सांगणं सोडलं. शेळी खाते ते चालतं, हाही तसलाच एक. शेळी रुईलाही तोंड लावते, आपण लावून बघू नये. रानभाजी माणसासारखी एकेक ओळखावी लागते, आणि ओळखणाऱ्याच्या हाताखालीच. तरोटा घ्या. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. कोवळा असताना भाजी झकास. शेजारच्या कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत. मेंदूज्वर समजून उपचार चालत. 2007च्या सुमारास डॉक्टरांनी माग काढला, तो या कासविंद्याच्या बियांपर्यंत पोचला. खेळता खेळता पोरांनी शेंगा सोलून खाल्ल्या होत्या. तेव्हा पोरांसमोर मी दोन्ही डहाळ्या शेजारी ठेवतो आणि जोड्या मोजायला लावतो.

ओळखीची भाजी झाली तरी बेतानंच. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे ती ताकात शिजवतात ते उगाच नाही. ताकातलं कॅल्शियम हे आम्ल बांधून टाकतं, मग ते अंगात कमी शोषलं जातं. ज्या बाईनं हे पहिल्यांदा केलं तिला कॅल्शियम कुठलं ठाऊक? जिभेला बरं लागलं असेल, किंवा दाताला घोळीची खरखर जाणवली असेल.

त्या दिवशी आजीनं बोलता बोलता पदरभर घोळ खुडली होती, बोटाएवढी जाड, रसरशीत. पोरं हात पुढे करून उभी. तिकडून शेतवाला आला. आजीनं विचारलं, "बाबा, फवारा कवा मारला रं?"

"काल सांजच्याला. तणाचंच औषध."

आजीनं पदर झटकला आणि पुढच्या धुऱ्याकडे निघाली.