त्या माणसाचं नाव काय?

सणासुदीला नवी पेठेत खरेदीला जायचं म्हणजे घरच्या मंडळींनी कापडदुकानात शिरायचं आणि आम्ही बाहेर पिशव्या सांभाळत उभं राहायचं, ही आमच्या घरातली जुनी वाटणी आहे. परवा असाच उभा होतो. शेजारच्या दुकानातली दोन पोरं चहा पीत होती. त्यातला एक जण आदल्या रात्री पाहिलेल्या पिक्चरची गोष्ट रंगवून सांगत होता. ‘‘मग सलमान जेलमधून सुटतो. त्याच्या भावाला मारलेलं असतंय बे. मग सलमान गावात येतो...’’

मला राहवलं नाही. विचारलं, ‘‘पण त्या माणसाचं नाव काय?’’

‘‘कुठल्या?’’

‘‘ज्याचा भाऊ मेला, त्याचं.’’

‘‘सलमान की काका!’’ माझ्या अज्ञानाची कीव करत तो म्हणाला.

हसू आलं खरं, पण घरी येताना वाटलं, आपण तरी वेगळं काय करतो? ‘दीवार’ची गोष्ट सांगताना आपणही ‘अमिताभ गोदीत काम करत असतो’ असंच म्हणतो. त्याचं पात्रातलं नाव विजय. ते आठवावं लागतं. मात्र त्याच 1975 साली आलेल्या ‘शोले’तला दरोडेखोर कोण, असं विचारलं तर ‘अमजद खान’ कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, गब्बर!

असं का व्हावं? सारा जन्म बँकेत गेल्यामुळे मला ते खात्याच्या हिशोबात समजतं. अमजद खान तेव्हा पडद्यावर जवळजवळ नवखे होते. त्यांचं खातं रिकामं. जे जमा झालं ते सगळं गब्बरच्या नावावर झालं. प्रसिद्ध नटाच्या खात्यात शिल्लक आधीच एवढी असते, की नव्या पात्राची रक्कम त्यात कुठं मिसळली ते कळतसुद्धा नाही. ‘गांधी’ चित्रपटासाठी 1982 साली बेन किंग्जले हे सर्वसामान्य प्रेक्षकाला फारसे ठाऊक नसलेले नट घेतले गेले, हे त्या चित्रपटाच्या पथ्यावरच पडलं. बघणाऱ्याला थेट गांधीजी दिसले. मध्ये कुणी उभं नव्हतं.

आपल्या रंगभूमीला हे दुखणं नवं नाही. 1919 साली गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर. दारुड्या नवऱ्यापायी दारिद्र्यात होरपळणारी सिंधू बालगंधर्व करत. प्रेक्षकांचे डोळे भरून येत, हे खरं. पण गाणं संपलं की त्याच डोळ्यांचा माणूस ‘वन्स मोअर’ची आरोळी देई. सिंधूच्या दुःखाला कुणी वन्स मोअर देईल का? तो बालगंधर्वांच्या गळ्याला होता. सिंधूनं तेवढा वेळ बाजूला उभं राहायचं!

माझ्या शाळकरी वयातला एक प्रसंग सांगतो. गावात ‘अश्रूंची झाली फुले’ आलं होतं. वसंत कानेटकरांच्या 1966 सालच्या या नाटकात डॉ. काशिनाथ घाणेकरांनी लाल्या उभा केला आणि ते नाव घरोघरी गेलं. जाहिरातीत सगळ्या नटांनंतर ‘आणि’ असा शब्द, आणि मग त्यांचं नाव. त्या ‘आणि’साठी लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहत. आमचे अण्णा शाळामास्तर. नाटकाचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता, तरी आम्हा भावंडांच्या हट्टापायी ते आम्हाला घेऊन गेले.

लाल्या आला आणि शिट्ट्यांनी मांडव दणाणला. मीही बाकावर उभा राहिलो होतो. पण ते नाटक लाल्याइतकंच विद्यानंदांचंही आहे. तत्त्वाला चिकटून राहणारा शिक्षक खोट्या आरोपात अडकतो, तुरुंगात जातो आणि आतून मोडून पडतो. त्या रात्री तो मोडत असताना मांडवात कुजबुज चालली होती, ‘लाल्या परत कधी येणार?’

परत येताना आम्ही लाल्याच्या नकला करत चाललो होतो. अण्णा गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, ‘‘त्या मास्तरचं नाव काय होतं रे?’’ आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. अण्णा फक्त ‘‘बरं’’ म्हणाले आणि कुलूप काढू लागले. आमच्या घरातही एक मास्तर आहे, आणि त्यानं त्या रात्री स्वतःला तिथं पाहिलं असेल, हे मला फार उशिरा उमगलं.

यात दोष घाणेकरांचा नव्हता, आम्हा बघणाऱ्यांचा होता. आणि हेही कबूल करायला हवं, की तो ‘आणि’ नसता तर मांडव भरला नसता आणि विद्यानंद अण्णांना भेटलेच नसते. नटाचं नाव हे नाटकाचं भाडं भरतं. फक्त भाडं भरणाऱ्यानं घरमालकाला बाहेर काढू नये, एवढंच.

उलट बाजूही आहे. आमच्या सोलापुरात जन्मलेल्या शशिकला यांनी पडद्यावर इतक्या खाष्ट, कारस्थानी बायका रंगवल्या, की लोकांना ती बाईच तशी वाटू लागली. निळू फुल्यांसारख्या राष्ट्र सेवा दलात घडलेल्या माणसाच्या वाट्यालाही तेच आलं. तिथं पात्रानं माणसाला झाकलं.

1986 साली घाणेकर गेले. 2018 साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्याच्या नावातही तो ‘आणि’ आहे. आता घाणेकर हेच एक पात्र झाले आणि ते केलं सुबोध भावे यांनी. आम्ही तो चित्रपट घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. संपल्यावर नात म्हणाली, ‘‘आजोबा, सुबोध भावे काय भारी लाल्या झालाय!’’ मग थोडं थांबून तिनं विचारलं, ‘‘पण लाल्या म्हणजे नक्की कोण?’’

मी टीव्ही बंद केला आणि तिला गोष्ट सांगायला बसलो. सुरुवात विद्यानंदांपासून केली.