ईदची भेट आणि दोघांचं खातं

पनवेलच्या बाजारात पत्नीसाठी ईदची भेट घ्यायची. पण बँक खातं दोघांचं असेल तर कार्डाने पैसे देताच दुकानाचं नाव पासबुकात येतं. बँकेत नंबर तिचा असेल तर मेसेजही तिलाच जातो. मग गंमत कसली?

सोपा उपाय म्हणजे पोस्टात ५०० रुपयांत स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडा आणि दरमहा थोडं बाजूला टाका. भेट छोटी असेल तर यूपीआय लाइट चालेल. एका वेळी मर्यादा १,००० रुपये. पासबुकात त्यात भरलेली रक्कम दिसते, दुकान नाही.

मात्र लपवायची ती भेट, खर्च नव्हे. घरखर्च, मुलांची फी आधी. खात्यात तिच्या मेहरची रक्कम असेल तर त्या पैशाला हात लावू नका. तो तिचाच हक्क. ईद झाली की हिशेब तिच्यापुढे ठेवा.