रुमालाखालचा माल

शेतमालाच्या अनेक बाजारपेठांत एके काळी भाव रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगत आणि भोवतीच्या मंडळींना तो कळत नसे. माल मात्र साऱ्यांसमोर उघडा असे. मूठभर दाणे तळहातावर घ्यावेत, दाताखाली चावून पाहावेत आणि मगच रुमालाखाली हात घालावा, अशी रीत होती. इंटरनेटवरील लिलावात ही रीत उलटी झाली आहे. तेथे भाव साऱ्या जगाला दिसतो आणि माल रुमालाखाली राहतो.

जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदीत होणाऱ्या फसवणुकीचे मूळ येथेच आहे. दागिने, साड्या, भांडी यांची छायाचित्रे काढून ग्राहकांना पाठवणे हा आता दुकानदारीचाच भाग झाला आहे. घरातील मुलगा किंवा सून हे काम हाती घेते. नव्या कॅमेऱ्याची आणि चांगल्या लेन्सची किंमत लाखाच्या घरात जाते, तेव्हा जुन्याचा शोध सुरू होतो. त्या विचारात काही गैर नाही. जपून वापरलेली उत्तम लेन्स वर्षानुवर्षे काम देते. प्रश्न पारखीचा आहे.

ईबे हे लिलावाचे संकेतस्थळ १९९५ साली अमेरिकेत पियर ओमिड्यार यांनी सुरू केले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका बिघडलेल्या लेसर पॉइंटरचा उल्लेख होतो. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला आणि तो बिघडलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते. दोष सांगून केलेला तो व्यवहार चोख होता. दोष लपवला की काय घडते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडले. विकणाऱ्याला मालाची खोट माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती टिकली की घेणारा प्रत्येक वस्तूला कमीच भाव देतो आणि चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो.

भारतातील ‘बाझी’ हे लिलावाचे संकेतस्थळ ईबेने २००४ साली विकत घेतले. २०१८ साली ईबेचा भारतातील बाजार बंद झाला. जुन्या मालाची बरीच देवघेव आता छोट्या जाहिराती आणि मोबाइलवरील गटांतून होते. तेथे बोली लागते, पण व्यवहाराला जामीन राहणारा मध्यस्थ बहुधा नसतो. म्हणून पेढीवरचे जुने नियम येथे अधिकच कसोशीने पाळावे लागतात.

पहिला नियम मालाचा. जाहिरातीतील छायाचित्र दुसऱ्या कोणाच्या जाहिरातीतून उचललेले असू शकते. खरेदीदाराने आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असे नवे छायाचित्र मागावे. तोच अनुक्रमांक मूळ बिलावर आहे का, हे पडताळावे. बिल नसेल तर माल चोरीचा असण्याची, किंवा परदेशातून आलेला आणि येथील हमी नसलेला असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी. कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले, हा त्याच्या वयाचा खरा दाखला होय. निकॉन डी ८५० चे शटर २ लाख, तर कॅनन ५डी मार्क ४ चे दीड लाख वेळा चालेल, अशी कसोटी कंपन्यांनी जाहीर केली आहे. ‘फारसा वापरलेला नाही’ या शब्दांपेक्षा हा आकडा मागावा. लेन्समध्ये टॉर्चचा प्रकाश तिरपा सोडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती सहज धरते आणि काचेवरील लेप कायमचा खराब करू शकते.

दुसरा नियम माणसाचा. विक्रेत्याच्या नावापुढील शेकडो चांगले अभिप्राय किरकोळ वस्तू विकून मिळवलेले असू शकतात, किंवा ते खातेच कोणी बळकावलेले असू शकते. वर्षभर मोबाइलची कव्हरे विकणारा एकाएकी महागड्या लेन्स निम्म्या भावात काढतो, तेव्हा थांबावे. लिलावात विक्रेत्याचेच साथीदार बोली चढवत नेतात, हाही जुना प्रकार आहे. त्यावर उपाय एकच: कमाल भाव आधी वहीत लिहून ठेवावा आणि तो ओलांडू नये.

तिसरा नियम पैशाचा. लिलाव हरल्यावर ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, थेट माझ्याकडून घ्या’ असा निरोप आला, तर तो सापळा समजावा. संकेतस्थळाबाहेर पैसे गेले की तेथील संरक्षण संपते. यूपीआयचा पिन केवळ पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. विक्रेता ‘पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणाला तर तेथेच संभाषण थांबवावे. सराफी आणि कापडाच्या बाजारात माल जांगड देतात, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. अनोळखी विक्रेता तेवढी मुभा देणार नाही. तेव्हा शक्य तर समोरासमोर, गर्दीच्या ठिकाणी, कॅमेरा हातात घेऊन चालवून पाहावा आणि मगच रक्कम द्यावी. पार्सल आलेच तर ते फोडण्याआधीपासून अखंड चित्रफीत काढावी. रिकाम्या खोक्याची तक्रार त्यावाचून टिकवणे कठीण जाते.

इतके करूनही फसवणूक झाली, तर सर्वांत मोठे नुकसान गप्प राहण्याने होते. व्यापारी घरातील तरुण असा तोटा अनेकदा लपवतो. वडील म्हणतील, एवढी साधी पारख नाही, मग पेढी कशी सांभाळणार? या भीतीत जे तास जातात, त्याच वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात पसार होतात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवले, तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, संभाषण आणि जाहिरातीची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. घरातील ज्येष्ठांनी त्या दिवशी पारखीवर व्याख्यान देऊ नये. आधी फोन लावू द्यावा. पेढीवर आपणही एकदा खोटा माल घेतला होता, ही गोष्ट मग रात्री जेवताना सांगावी.