विश्लेषण : चांदीच्या दागिन्यांनी कातडी काळी किंवा हिरवी का पडते? चांदी खोटी असते का?

जोडवी काढल्यावर बोटाभोवती काळा वळ, पैंजणाखाली घोट्यावर हिरवट पट्टा किंवा अंगठीच्या जागी खाज. नाशिकच्या सराफ बाजारातून हौसेने घेतलेला दागिना काही आठवड्यांत असे डाग देऊ लागला, की पहिली शंका येते ती सराफावर. दुसरीकडे, ‘चांदीने अंगातली उष्णता ओढून घेतली’ असे सांगून घरातली मोठी माणसे विषय संपवतात. प्रत्यक्षात काळा, हिरवा आणि लाल या तीन डागांची कारणे वेगवेगळी आहेत. त्यातला फरक कळला, तर नाहक भांडणही टळते आणि वेळेवर उपचारही होतात.

काळा डाग कशामुळे?

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. चांदी, हा वायू आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून सिल्व्हर सल्फाइड तयार होते. त्याचा रंग काळा असतो. हा थर घासला गेला की घामाबरोबर कातडीवर उतरतो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते, म्हणूनच पावसाळ्यात दागिने लवकर काळवंडतात.

महत्त्वाचे म्हणजे शुद्ध चांदीही काळी पडते. त्यामुळे केवळ काळेपणावरून चांदी खोटी ठरत नाही. देवघरातले चांदीचे निरांजन कोणाच्याही अंगाला न लागता काळे पडते, ते याच कारणाने. अंगातल्या उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही.

काहींना पावडर किंवा क्रीम लावल्यानंतर अंगठीखाली काळी रेघ दिसते. पावडर आणि सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखे बारीक, कठीण कण असतात. ते धातूवर घासले जातात आणि सुटलेला धातूचा सूक्ष्म चुरा कातडीवर काळा दिसतो.

नाशिक जिल्ह्यात गंधक येते कुठून?

द्राक्षबागांमध्ये भुरी रोगासाठी गंधकाची फवारणी केली जाते. फवारणी झालेल्या बागेत विरळणी किंवा काढणी करताना हातापायांवरील दागिन्यांचा गंधकाशी थेट संपर्क येऊ शकतो. कांद्याचा उग्र वासही गंधकयुक्त संयुगांचाच असतो. कांदा चिरताना किंवा चाळीत कांद्याची प्रतवारी करताना हातात चांदीची अंगठी असेल, तर ती एरवीपेक्षा लवकर काळवंडते. उकडलेली अंडी, मोहरी, गंधकयुक्त साबण, खरजेवरचे गंधकाचे मलम आणि साधा रबरबँड यांतही गंधक असते.

हिरवा डाग कशाचा?

हिरवा रंग चांदीचा नसून तांब्याचा असतो. शुद्ध चांदी मऊ असल्याने रोजच्या वापराच्या दागिन्यात टिकाऊपणासाठी दुसरा धातू, बहुतेकदा तांबे, मिसळतात. ९२५ शुद्धतेच्या दागिन्यात १,००० भागांत ९२५ भाग चांदी असते. म्हणजे १० ग्रॅमच्या अंगठीत पाऊण ग्रॅम इतर धातू असतो. घामातील आम्ल आणि मीठ तांब्याशी अभिक्रिया करतात व हिरवट-निळसर क्षार तयार होतात. तेच कातडीवर चढतात.

पैंजणाच्या कड्या झाळून जोडताना वापरलेल्या धातूतही तांबे असते. त्यामुळे दागिन्याचे टंच चांगले असले तरी सांध्यांपाशी हिरवा डाग पडू शकतो. मात्र डाग रोज आणि गडद पडत असेल, तर तांब्याचे प्रमाण जास्त असण्याची शक्यता असते. अशा वेळी टंच तपासून घेणे योग्य. काळा वा हिरवा डाग साबणाने धुतला की जातो आणि सहसा त्याने त्रास होत नाही.

लाल चट्टा, खाज याकडे दुर्लक्ष का नको?

दागिन्याच्या आकाराचाच लाल चट्टा, खाज, पुरळ किंवा पाणी सुटणे ही ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. बहुतेकदा कारण असते ते निकेल. नवरात्रात गरब्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘जर्मन सिल्व्हर’च्या दागिन्यांत नावापुरतीच चांदी असते. हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या प्रत्येक संपर्कात त्रास पुन्हा उद्भवतो. इथे ‘उष्णता बाहेर पडतेय’ म्हणून दागिना तसाच अंगावर ठेवणे चुकीचे. दागिना काढावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तान्ह्या बाळाच्या वाळ्यांखाली किंवा मनगट्यांखाली चट्टा दिसला, तर ते लगेच काढावेत.

आणखी एक दुर्मीळ प्रकार म्हणजे ‘अर्जिरिया’. चांदीची संयुगे दीर्घकाळ पोटात गेल्यास कातडी कायमची निळसर-राखाडी होते. ती धुऊन जात नाही. अंगठी किंवा पैंजणाच्या रोजच्या वापराने पडणारा डाग हा अर्जिरिया नव्हे.

मग शुद्धता ओळखायची कशी?

डागावरून नव्हे, तर हॉलमार्कवरून. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय मानक ब्युरोने चांदीसाठीही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षर-अंकी स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून पडताळता येतो. हॉलमार्क नसेल, तर पावतीवर वजनासोबत टंचही लिहून घ्यावे. मोड देताना किंवा तक्रार करताना हीच नोंद उपयोगी पडते.

डाग टाळण्यासाठी काय करावे?

- आंघोळ, भांडी, कपडे आणि पोहणे यांच्या आधी दागिने काढावेत. जोडवी काढायची नसतील, तर बोटे धुऊन नीट कोरडी करावीत.
- बागेत किंवा कांद्याच्या चाळीत काम करताना चांदी घरी ठेवावी.
- क्रीम, पावडर आणि अत्तर आधी लावावे. ते पूर्ण सुकल्यावर दागिना घालावा.
- वापरानंतर मऊ सुती कापडाने पुसून हवाबंद पिशवीत ठेवावे. सोबत सिलिका जेलची पुडी असावी, रबरबँड नसावा.
- रोडियमचा मुलामा दिलेली अंगठी डाग कमी देते. मुलामा झिजला की तो पुन्हा द्यावा लागतो.

काळी पडलेली चांदी घरी कशी उजळावी?

टूथपेस्टने घासण्याची सवय अनेकांना आहे. त्यातील कणांमुळे चांदीवर ओरखडे पडतात आणि थोडी चांदीही झिजते. त्याऐवजी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरून तिच्यावर टेकेल असा दागिना ठेवावा. खाण्याचा सोडा घालून गरम पाणी ओतावे. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेते आणि काळ्या थरातली चांदी पुन्हा चांदी होते. या वेळी सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी.

मात्र खडे, मोती किंवा मीनाकाम असलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नये. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना काळी छटा मुद्दाम दिलेली असते, तीही यात निघून जाते. असे दागिने सराफाकडूनच उजळून घ्यावेत.

थोडक्यात, काळे दिसले तर पुसावे, हिरवे दिसले तर टंच पाहावे आणि लाल दिसले तर दागिना काढून डॉक्टरांकडे जावे.