पासबुकातली ४३६ रुपयांची नोंद कशाची? घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे असे विमा कवच

मे महिना संपत आला की अनेकांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, ‘खात्यातून ४३६ रुपये वजा.’ काहींचे आणखी २० रुपये जातात. कधीतरी बँकेत एका फॉर्मवर सही केलेली असते. ती कशासाठी, हे खातेदार विसरलेला असतो. घरच्यांना तर पत्ताच नसतो. खातेदाराचे अचानक निधन झाले, तर याच नोंदीमुळे कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात.

योजना कोणत्या?

केंद्र सरकारने ९ मे २०१५ रोजी दोन योजना सुरू केल्या. ४३६ रुपये जीवन ज्योती विमा योजनेचे. १८ ते ५० वयाच्या खातेदाराला त्यात सहभागी होता येते आणि कवच ५५व्या वर्षापर्यंत चालते. मृत्यू आजाराने होवो वा अपघाताने, वारसदाराला दोन लाख मिळतात. मात्र नव्याने सहभागी झाल्यावर पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूचाच दावा मान्य होतो.

२० रुपये सुरक्षा विमा योजनेचे. वयोमर्यादा १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास एक लाख रुपये मिळतात. सर्पदंशाने झालेला मृत्यूही यात बसतो; रुग्णालयातील नोंद मात्र हवी.

खात्यात पैसे नसतील तर?

विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. हप्ता कापताना पुरेशी शिल्लक नसेल, तर कवच संपते. पुन्हा सहभागी झाल्यास जीवन ज्योतीचे ते ३० दिवस नव्याने मोजले जातात. दोन बँकांतून हप्ता कापला गेला, तरी भरपाई एकदाच मिळते.

दावा कुठे करायचा?

ज्या बँकेतून हप्ता जातो, तिथेच. दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला, वारसदाराची ओळखपत्रे आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. अपघात असल्यास पोलिसांकडील नोंद व शवविच्छेदन अहवालही जपून ठेवावा. दावा शक्यतो ३० दिवसांत दाखल करावा.

पीएफ असलेल्यांसाठी

भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कर्मचारी ठेव संलग्न विमा योजनेतून कमाल सात लाख रुपये मिळतात. त्याचा हप्ता मालक भरतो. पगारातून काही कापले जात नसल्याने पगारपत्रकावरून या विम्याचा सुगावाच लागत नाही.

आज काय करता येईल?

पासबुक उघडून मे-जूनच्या नोंदी पाहाव्यात. वारसदार म्हणून कोणाचे नाव आहे, हे बँकेत विचारावे. लग्नाआधी आईवडिलांचे दिलेले नाव अनेकदा तसेच राहून जाते. आणि शेवटचे, बिनखर्चाचे काम म्हणजे हे सारे घरात सांगून ठेवणे. कारण दावा करायची वेळ येते, तेव्हा सही करणारा माणूस सांगायला नसतो.