गळा कुणाचा, गाणं कुणाचं?

गाण्यानं राजकारण बदलतं का, असं तरुण मित्र मला विचारतात. मी म्हणतो, गाणं सरकार पाडत नाही; पण विखुरलेल्या माणसांना एका सुरात आणतं. ही ताकद थोडी नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळच पाहा. बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारलं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड वरवर गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाची. पण पुढं ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार होऊन जाते. बायको गावाकडं ठेवून आलेल्या गिरणी कामगाराला सीमाप्रश्न वेगळा समजावून सांगावा लागला नाही. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, पुढच्या खेपेला गर्दी गाते. अक्षरओळख नसलेला माणूसही ती ओळ घरी नेतो. १ मे १९६० रोजी राज्य झालं, त्यात या गळ्यांचाही वाटा आहे. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गायलेली भीमगीतं अशीच वस्त्यावस्त्यांतून पाठ झाली.

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्या अभंगांत जात्याची घरघर आहे. पुढं पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्यांची ओवी थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आता इंटरनेटवर ऐकता येतात. ठेवा वाचला, ज्या कामातून तो उगवत होता ते काम मात्र राहिलं नाही.

आज निवडणुकीत रिक्षावर भोंगा फिरतो. चाल सिनेमाची, नाव उमेदवाराचं. आता तर संगणक चार मिनिटांत हवं ते गाणं, हव्या त्या आवाजात करून देतो. मिरवणुकीत डीजे इतका मोठा, की शेजारच्याचा गळाही ऐकू येत नाही. माणसं नाचतात, गात कुणीच नाही. तेच यंत्र दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर मुद्दाम थांबवलं, की गाण्याचा दगड होतो. आणि हेच परभणी शहर उरुसाला सगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी भरून जातं!

यंत्राला माझा विरोध नाही. लाउडस्पीकरनं शाहिरांचा आवाजही लांबवर नेला. पण भाड्यानं आणलेलं गाणं मत मागतं आणि निघून जातं. आपण गायलेलं आपल्यापाशी राहतं. म्हणून श्रोतेहो, जयंती असो, उरूस असो की गणपती, एक तास तरी भोंगा बंद ठेवा. गल्लीतल्या पोरापोरींच्या हाती डफ द्या. काय गायचं ते त्यांना ठरवू द्या.